गाडीचे हट्टी स्क्रू : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पावसाळा संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गंजलेल्या स्क्रूंची तक्रार ठरलेली असते. यंदा ती पत्रे इतकी आली की इतर विषय बाजूला ठेवून हे पान चार ते सहा मिलिमीटर जाडीच्या स्क्रूंनाच द्यावे लागत आहे. मोठा नट लांब पान्याच्या जोरावर सुटतो. लहान स्क्रूचे तसे नाही. त्याच्यावर जोर वाढवला की तो सुटण्याआधी त्याची खाच तरी जाते किंवा डोके तरी तुटते, आणि पाच मिनिटांचे काम दोन दिवसांचे होऊन बसते.

प्रश्न : घरात वडिलांच्या वेळची यामाहा आरएक्स १०० आहे. क्लचकडचे झाकण उघडताना नवा आणि चांगल्या कंपनीचा स्टार स्क्रू ड्रायव्हर वापरूनही दोन स्क्रूंच्या खाचा गोल झाल्या. हे स्क्रूच हलक्या प्रतीचे असतात का?
— एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : स्क्रूला दोष देण्यापूर्वी स्क्रू ड्रायव्हरचे टोक पाहावे. बाजारात ज्याला सरसकट ‘स्टार’ म्हणतात त्या फुलीच्या खाचेत किमान दोन जाती आहेत. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मोटार कारखान्यांत रूढ झालेली फिलिप्स ही एक, आणि जपानी मानकाची, म्हणजे जेआयएसची, ही दुसरी. दोन्ही वरून सारख्याच दिसतात. पण तळाचा आकार आणि कोपऱ्यांची गोलाई वेगळी असल्यामुळे फिलिप्सचे टोक जपानी खाचेत पुरते बसत नाही आणि जोर लागताच वर चढून खाचेच्या कडा खरवडून काढते. आपली गाडी १९८५ ते १९९६ या काळात भारतात विकली गेलेली असली तरी तिचा आराखडा जपानी आहे. अशा स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो. तो दिसला की जेआयएस टोकाचाच ड्रायव्हर घ्यावा. व्हेसल या जपानी कंपनीचे ड्रायव्हर भारतात मागवता येतात. हे टोक फिलिप्सच्या खाचेतही चालते, तेव्हा दोन संच बाळगण्याची गरज नाही.

तथापि आपल्या बाबतीत जातीपेक्षा मापाची चूक अधिक संभवते. घरोघरी असतो तो दोन नंबरचा ड्रायव्हर, आणि तो तीन ते पाच मिलिमीटरच्या स्क्रूंसाठी असतो. झाकणाच्या सहा मिलिमीटर स्क्रूला तीन नंबरचे टोक लागते. खाचेतील माती आणि जुना रंग सुईने किंवा टाचणीने कोरून काढावा, टोक बसवावे आणि मूठ हलवून पाहावी. टोक आत डुगडुगत असेल तर त्या ड्रायव्हरने एकदाही पीळ देऊ नये.

उरलेल्या स्क्रूंसाठी हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणावा. प्रत्येक ठोक्यासरशी तो टोक खाचेत खोल दाबतो आणि त्याच क्षणी थोडा फिरवतो, त्यामुळे टोक वर चढायला अवसरच मिळत नाही. आधी मूठ फिरवून दिशा उलटी लावली आहे ना, हे हाताने तपासावे. दिशा तशीच राहून स्क्रू अधिकच आवळला जाणे हा प्रकार गॅरेजमध्येही घडतो. पाव किलोच्या हातोडीचे दहा भित्रे ठोके मारण्यापेक्षा अर्धा किलोच्या हातोडीचा एक नेमका ठोका मारावा. जाड इंजिनावर हे हत्यार निर्धास्त वापरता येते; कार्ब्युरेटरवर किंवा हँडलवर मात्र कदापि नाही.

खाच गोल झालेले जे दोन स्क्रू आहेत, त्यांची डोकी उंच आणि गोलसर असल्यामुळे आपल्याला अजून वाव आहे. गोल तोंडाच्या हातोडीने डोक्यावर हलके ठोकून पसरलेली खाच थोडी मिटवावी, टोकाला व्हॉल्व्ह घासण्याची खरखरीत पेस्ट लावावी आणि पुन्हा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. तेही न साधल्यास धारदार छिन्नी डोक्याच्या कडेवर तिरपी धरून उलट्या दिशेने ठोके द्यावेत. डोके विद्रूप होईल, पण तो स्क्रू तसाही परत लावायचा नसतो.

प्रश्न : समोरच्या डिस्क ब्रेकच्या तेलाच्या डबीवरील झाकणाला दोन बारीक स्क्रू आहेत. एक सुटला, दुसऱ्याची खाच पूर्ण गुळगुळीत झाली. गॅरेजवाला पूर्ण मास्टर सिलिंडर बदलायला सांगतो. दुसरा मार्ग आहे का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : आहे, आणि तो स्वस्तही आहे. हे स्क्रू बहुतेक गाड्यांवर चार मिलिमीटरचे, चपट्या बुडत्या डोक्याचे असतात. डोके झाकणाच्या पातळीत बसते आणि खाच आकाशाकडे तोंड करून राहते, म्हणून पावसाचे आणि धुलाईचे पाणी त्या खाचेतच साचते. वर पोलादाचा स्क्रू आणि खाली ॲल्युमिनियमची डबी; ओल मिळाली की या दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होते आणि ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते.

सर्वप्रथम टाकीवर आणि मडगार्डवर ओले जाड फडके पसरावे, कारण ब्रेकचे तेल रंग खाते. थेंब उडालाच तर तो पुसत न बसता ताबडतोब पाण्याने धुवावा. हँडल फिरवून डबी सपाट पातळीत आणावी. गंज सोडवणारे तेल येथे सढळ हाताने फवारू नये. झाकणाखाली रबराचा पडदा असतो आणि आतल्या सिलिंडरमध्ये रबराच्या वायसर-सील असतात. ही रबरे डॉट ३ किंवा डॉट ४ तेलासाठी बनवलेली असल्यामुळे खनिज तेल लागले की ती फुगतात. रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल या साऱ्यांना हाच नियम लागू. ब्रेकच्या बाबतीत ‘थोडेसे गेले तर काय होते’ हा विचार परवडणारा नाही.

खाच पूर्ण गेली असल्यामुळे थेट ड्रिलकडे वळावे. या कामातील मर्म असे की संपूर्ण स्क्रू कोरायचा नसून केवळ त्याचे डोके उडवायचे आहे. डोके झाकणाला दाबून धरते, त्या दाबामुळे आट्यांवर ताण असतो. डोके गेले की ताण संपतो आणि जो स्क्रू मघाशी जागचा हलत नव्हता तो अनेकदा बोटांनीही फिरू लागतो. डोक्याच्या मध्यावर सेंटर पंचाने खूण करावी, आधी दोन मिलिमीटरच्या आणि मग चार मिलिमीटरच्या बिटाने, कमी वेगात, डोक्याच्या जाडीइतकेच खोल जावे. डोके कड्यासारखे सुटून बिटावर चढले की थांबावे. उलट्या पिळाचे, म्हणजे डावे, बिट मिळाल्यास उत्तम, कारण ते कोरता कोरता स्क्रू सुटण्याच्या दिशेनेच ओढते; कोल्हापूरच्या उद्यमनगरातील हत्यारांच्या दुकानात त्याची मागणी करून पाहावी. रबराचा पडदा जागेवर असेपर्यंत कीस तेलात जात नाही, म्हणून झाकण उचलण्यापूर्वी वरची सारी जागा ब्रशने आणि फडक्याने स्वच्छ करून घ्यावी.

झाकण निघाले की स्क्रूचा बुंधा काही मिलिमीटर वर उभा राहिलेला दिसेल. तो ग्रिप प्लायरने घट्ट पकडून आधी अगदी किंचित आवळण्याच्या दिशेने आणि मग सोडण्याच्या दिशेने फिरवावा. तो करकरला तर घाई न करता पुढे-मागे करीत राहावे. किसाचा एक कण जरी तेलात दिसला तरी ते तेल काढून, डबी पुसून, झाकणावर लिहिलेल्या प्रकारचे नवे तेल सीलबंद बाटलीतूनच घालावे.

दोन्ही स्क्रू एकाच वेळी नवे घालावेत. बुडत्या डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात, इतर स्क्रूंची डोक्याखालून. दुकानात हा घोटाळा हमखास होतो आणि लांब स्क्रू छिद्राच्या तळाला टेकून झाकण सैलच राहते. हे स्क्रू आवळताना जोर लावायचाच नसतो. त्यांचा टॉर्क (आवळण्याचा पीळ) साधारण दीड ते दोन न्यूटन-मीटर, म्हणजे ड्रायव्हरची मूठ तीन बोटांत धरून येतो तेवढाच. गळती थांबवण्याचे काम रबराचा पडदा करतो, स्क्रूचा पीळ नव्हे.

प्रश्न : कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीचा एक स्क्रू आतच तुटला. इझी-आउट वापरून काढावा असा सल्ला मिळाला आहे. संच विकत घेऊ का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : या कामासाठी घेऊ नये. इझी-आउट म्हणजे तुटलेल्या स्क्रूत छिद्र पाडून उलट्या पिळाने घुसवायची कडक कांडी; सहा मिलिमीटरपेक्षा बारीक स्क्रूसाठी हे हत्यार मला मुळीच मान्य नाही, आणि त्याचे कारण साध्या हिशोबात आहे. चार मिलिमीटरच्या स्क्रूचा आट्यांच्या आतला गाभा जेमतेम सव्वातीन मिलिमीटरचा असतो. त्याच्या पोटात छिद्र पाडून घालायचा इझी-आउट दोन मिलिमीटरच्या आसपासच असावा लागतो. ज्या स्क्रूचे धड पीळ देऊन तुटले, त्याला त्याहून बारीक आणि कडक म्हणूनच ठिसूळ कांडीने पीळ द्यायचा, म्हणजे कांडी तुटणारच. ती तुटली की साधे ड्रिल तिच्यावर चालत नाही. मग उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांच्याकडे डाय बनवण्याचे स्पार्क मशीन आहे त्यांचे दार ठोठवावे लागते, आणि त्या कामाच्या खर्चात जुना कार्ब्युरेटर पुरा मिळू शकतो.

त्याऐवजी कार्ब्युरेटर गाडीवरून उतरवून पेट्रोल पूर्ण काढून टाकावे. जेट, फ्लोट आणि रबराच्या रिंगा वेगळ्या कराव्यात. तुटलेला भाग किंचितही वर दिसत असेल तर बारीक हॅक्सॉने त्यात चपटी खाच पाडता येते. पातळीत तुटला असेल तर गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर ठेवावे, आणि नंतर उष्णतेचा उपयोग करावा. ज्योत वापरू नये. एक तर पेट्रोलच्या वाफा, आणि दुसरे म्हणजे हे ओतीव मिश्रधातू कमी तापमानाला वितळतात. उकळते पाणी पुरेसे आहे. ॲल्युमिनियम हे पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. सत्तर अंश तापमान वाढले तर चार मिलिमीटरच्या छिद्रात आणि स्क्रूत फरक पडतो तो अवघा तीन मायक्रॉनचा. हा आकडा हास्यास्पद वाटेल, परंतु गंजाचा थर ठिसूळ असतो आणि तापवणे-थंड करणे दोनचार वेळा केल्यास त्याला तडे जाऊन तेल आत शिरते. त्यानंतर टोकदार पंच तुकड्याच्या कडेला तिरपा लावून हलक्या ठोक्यांनी तो फिरतो का ते पाहावे.

एवढ्याने न निघाल्यास हातातील ड्रिल बाजूला ठेवून लेथ किंवा मिलिंगवाल्याकडे जावे. कोल्हापूरच्या परिसरात ओतकाम आणि यंत्रकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यामुळे हे काम चोखपणे करणारे कारागीर शोधावे लागत नाहीत. त्याला सांगावे की छिद्र बरोबर मध्यावर घेऊन ३.३ मिलिमीटरपर्यंत न्यावे. चार मिलिमीटर टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) ड्रिलचे हेच माप आहे, म्हणून मूळ आटे न दुखावता जुन्या स्क्रूचे केवळ दोऱ्यासारखे वेटोळे उरते आणि ते सुईने ओढून काढता येते. मध्य अर्धा मिलिमीटर जरी हुकला तरी मऊ धातूत बिट बाजूला पळते आणि कार्ब्युरेटरची भिंत फुटते.

इंजिनाच्या केसिंगमध्ये सहा मिलिमीटरचा स्क्रू थोडासा वर राहून तुटला असेल, तर तुकड्यावर नट ठेवून तो आतून वेल्ड करणे हा सर्वांत खात्रीचा उपाय ठरतो. पकड मिळते ती मिळतेच, शिवाय तुकडा लाल होऊन थंड होताना गंजापासून सुटतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या दोन्ही तारा काढाव्यात. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत इंधन-इंजेक्शनचा संगणक असल्यामुळे हे विसरणे महागात पडते.

प्रश्न : २०२१ च्या पुरात गाडी पाण्यात होती. त्या वेळी सर्व्हिसिंग केले, पण मॅग्नेटोकडील झाकण तेव्हापासून उघडलेले नाही. आता एकही स्क्रू हलत नाही.
— एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांनंतर पंचगंगेच्या काठच्या गाड्यांत हीच अवस्था आढळते. पाण्याबरोबर आलेला बारीक गाळ आट्यांत बसतो आणि वर्षानुवर्षे ओल धरून ठेवतो. आपण उतावीळ होऊ नये. आठवडाभर रोज सकाळी प्रत्येक स्क्रूभोवती गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब आणि डोक्यावर हातोडीचे हलके ठोके, एवढेच करावे. नंतर इंजिन दहा मिनिटे चालवून केसिंग कोमट असताना काम सुरू करावे.

क्रम महत्त्वाचा आहे. एक स्क्रू पूर्ण काढून मग दुसरा, असे केल्यास झाकणाचा सारा ताण शेवटच्या स्क्रूवर येतो, आणि तुटतो तो नेहमी शेवटचाच. म्हणून सर्व स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने पाव-पाव फेरा मोकळे करून घ्यावेत आणि त्यानंतरच एकेक काढावा. जो अजिबात ऐकत नाही त्याचे डोके वर सांगितल्याप्रमाणे ड्रिलने उडवावे. पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवावा, कारण एकाच झाकणात दोन-तीन लांब्यांचे स्क्रू असतात. लांब जागी आखूड लावला तर आटे जातात, आखूड जागी लांब लावला तर केसिंगला तडा जातो.

प्रश्न : गाडीवरील सर्व फुलीचे स्क्रू काढून एकदाच स्टेनलेसचे ॲलन स्क्रू लावले तर ही कटकट कायमची संपेल का?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : फुली जाऊन ॲलन, म्हणजे षट्कोनी खाच, आली तर खाच गोल होण्याचा त्रास पुष्कळच कमी होतो, आणि इंजिनाच्या झाकणांसाठी हा बदल मी सुचवीन. स्टेनलेसबाबत मात्र उत्साह जरा आवरावा. स्टेनलेस स्वतः गंजत नाही. पण ज्यात तो बसतो ते ॲल्युमिनियम त्याच्या सहवासात झिजते आणि तीच पांढरी भुकटी तयार होते. रत्नागिरी, गणपतीपुळे, मालवण अशा खाऱ्या हवेच्या फेऱ्या होत असतील तर ही क्रिया अधिक वेगाने होते. बाहेरून चकचकीत दिसणारा स्क्रू आत जाम झालेला असतो, हे कळते ते तो तुटल्यावर.

लावायचेच असतील तर डोक्यावर ‘ए२-७०’ हा ठसा असलेले घ्यावेत आणि प्रत्येकाच्या आट्यांना कॉपर ग्रीस किंवा अन्य अँटी-सीझ पेस्ट पातळ हाताने लावावी. पेस्टमुळे घर्षण घटते, म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क सुमारे पावपट कमी करावा. एरवी साधारणपणे पाच मिलिमीटरच्या स्क्रूला चार ते पाच आणि सहा मिलिमीटरच्या स्क्रूला नऊ ते दहा न्यूटन-मीटर पुरतात. ॲलनची चावी लांब असते, हाताला जोर कळत नाही आणि फुलीच्या वेळी जी खाच जात होती तिच्याऐवजी आता केसिंगचे आटे जातात. गॅरेजमध्ये येणाऱ्या सैल झाकणांमागे हे कारण वारंवार दिसते. ॲल्युमिनियममध्ये स्क्रू त्याच्या जाडीच्या दीड ते दोन पट खोल गेला पाहिजे, हेही लांबी निवडताना पाहावे. ब्रेक कॅलिपर, डिस्क आणि स्टँड यांचे बोल्ट कंपनीचेच ठेवावेत.

आटे आधीच गेले असतील तर जाड स्क्रू ठोकून बसवू नये. सहा मिलिमीटरसाठी सुमारे ६.३ मिलिमीटरचे छिद्र घेऊन, त्याच्या खास टॅपने आटे पाडून हेलिकॉइलची स्प्रिंग बसवतात. ती मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा टिकाऊ ठरते.

प्रश्न : जुन्या बुलेटच्या पॉइंटच्या झाकणाला पाच मिलिमीटरचा स्क्रू दोन फेरे सहज जातो आणि मग अडतो. टॅप मारून घेऊ का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : थांबावे. बुलेट १९५५ पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागली तरी आराखडा ब्रिटिश होता, आणि जुन्या गाड्यांत लहान स्क्रू बीए या १८८४ च्या ब्रिटिश मापाचे आढळतात. आपला बहुधा टू-बीए असावा : जाडी ४.७ मिलिमीटर, आट्यांमधील अंतर ०.८१. पाच मिलिमीटरच्या मेट्रिक स्क्रूचे अंतर ०.८ असते, त्यामुळे सुरुवातीचे फेरे फसवे ठरतात. आट्यांचा कोनही वेगळा, बीएचा साडेसत्तेचाळीस अंश आणि मेट्रिकचा साठ. सोबतचा जुना स्क्रू व्हर्निअरने मोजावा, आट्यांचे गेज लावून खात्री करावी आणि जुन्या बुलेटचे सुटे भाग ठेवणाऱ्या दुकानातून टू-बीएच मागावा. मूळ आटे धड असताना त्यात मेट्रिक टॅप घालणे म्हणजे पुढील मालकासाठी कोडे घालून ठेवणे होय.

प्रश्न : इंडिकेटरच्या काचेचे आणि साइड पॅनलचे स्क्रू प्लास्टिकमध्ये धरत नाहीत. लॉकटाइट लावावे का?
— एक विद्यार्थी, विद्यापीठ परिसर

उत्तर : लावू नये. आटे जाम करणारे हे द्रव धातूसाठी असते. काही प्लास्टिकना ते लागताच बारीक तडे जातात. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू स्वतःच आटे पाडतो, आणि दर वेळी सरळ दाबून फिरवला तर तो दर वेळी नवे आटे पाडत मूळ आटे खाऊन टाकतो. स्क्रू छिद्रावर ठेवून प्रथम उलटा फिरवावा. तो जुन्या आट्याच्या तोंडाशी येऊन ‘टक्’ असा खाली बसला की मग सुलटा फिरवावा. आटे पूर्ण गेलेच असतील तर त्याच लांबीचा, एक माप जाड स्क्रू घ्यावा आणि काच टेकल्यावर हात थांबवावा.